पाळण्यावरची तीन पाखरं

एकदा काय झालं, सगुणाच्या घरी लेकीचं बारसं होतं. बायका जमल्या. सगुणाची ठकूमावशीही आली. ही मावशी, बरं का, बोलावलं तिथे जायची आणि घरच्यांना रडवून यायची.

बसल्या बसल्या तिनं घुगऱ्या तोंडात टाकल्या. म्हणाली, "शी! कच्च्याच की." शब्द तोंडातून सुटला, त्याचं झालं काळं पाखरू, आणि ते जाऊन बसलं पाळण्याच्या दोरीवर. मावशीला ते दिसलं, दुसऱ्या कुणालाच नाही. तरी ती म्हणाली, "पाळणा कुणाकडून मागून आणलास गं?" दुसरं पाखरू बसलं. मग तिनं कुंची वर करून रडत्या बाळाकडं पाहिलं. "अगं बाई! हे मरतुकडं जगायचं कसं?"

तिसरं पाखरू बसलं आणि पाळणा थांबला. बाळाचं रडणं थांबलं. हातपाय गार पडले. चौघीजणींनी जोर लावला, पण पाळणा हलेना. पाखरांचं ओझंच तेवढं होतं. सगुणाला तर रडूसुद्धा फुटेना.

मावशी घाबरली. हळूच उठून अंगणात आली. कुणाला काही कळलं नव्हतं. गुपचूप घरी गेली असती, तर कुणी बोललं नसतं. पण सगुणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मग ती माघारी फिरली.

सगळ्यांसमोर म्हणाली, "बायांनो, हे माझ्या तोंडानं झालंय." मग मूठभर घुगऱ्या खाल्ल्या. "मऊ शिजल्यात. मी खोटं बोलले." एक पाखरू उडालं. मग पाळण्याला हात लावला. "सगुणाच्या भावानं घडवलाय हा. मला ठाऊक होतं." दुसरं उडालं. मग बाळापुढं वाकली. "माझं चुकलं गं, बाळे." पण तिसरं काही उडेना. मावशी ढसाढसा रडली.

तेव्हा बाळाची आत्या पुढं आली. नाव ठेवायचा मान तिचा. ती म्हणाली, "मावशी, बाळाच्या कानात नाव तुम्ही सांगा."

मावशीनं जन्मभर लोकांना नावं ठेवली होती. नाव असं कधी ठेवलंच नव्हतं. ती बाळाच्या कानाशी लागली. "कुर्रर्र! केशर... खूप जग, माझे बाई."

तिसरं पाखरू उडालं. केशरनं असा टाहो फोडला म्हणून सांगू! सगुणानं तिला छातीशी घट्ट धरलं.

पुढं केशर मोठी झाली, सगळी सुखात राहिली. मावशीलाही बोलावणी येत राहिली. जिभेवर काही वाकडं आलं, की ती गप्प बसायची.

झालं. आता ओढा गोधडी, आणि मिटा डोळे.