टपावरचे पोचे

उदगीरला गारपीट झाली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा टप पोच्यांनी भरून गेला. चार दिवसांनी विमा कंपनीचे सर्व्हेअर खडतकर आले. त्यांनी मान ताठ ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली.

आता खरं सांगायचं तर गाडी चालवणं मला कधी जमलंच नाही. पुढची बाजू फाटकाने चेपली होती, मागची शेजाऱ्यांच्या ओट्याने, आणि दारं मंडईतल्या खांबांनी.

"गारांचं नाव कशाला घेता, हिंगमिरे?" खडतकर म्हणाले. "सगळे पोचे तुमच्या चालवण्याचे आहेत, टपावरचेसुद्धा. क्लेम मिळणार नाही."

बाकीच्या पोच्यांबद्दल माणूस खरंच बोलत होता!

तेवढ्यात माझी बायको कुमुदिनी चहा घेऊन बाहेर आली.

"साहेब, चारही बाजू यांनीच ठोकल्यात, मी कुठेही सांगेन. पण टपाला पोचे पाडायला गाडी उलटी करून चालवावी लागेल. यांना तर अजून सुलटीच चालवता येत नाही!"

खडतकरांना हसू आवरेना. टपाचा क्लेम त्यांनी तिथेच मान्य केला.

टप नवाकोरा झाला. माझी उरलीसुरली अब्रू मात्र विम्यात बसत नव्हती.