घडी मोडलेली कानटोपी

फार पूर्वी, रानातला माल कावळे घरपोच करायचे तेव्हाची गोष्ट. एका सशिणीने नदीपलीकडच्या सुगरण पक्षिणीकडून पिल्लासाठी कानटोपी मागवली. त्यापायी थंडीसाठी राखलेली रताळ्यांची टोपली गेली. टोपी आली, उलगडून पाहिली, तर कान एकच!

परत करायला सशीण तिसऱ्यांदा नदी ओलांडून आली, तेव्हा तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. खोप्याखाली गिऱ्हाइकांची रांग होती.

"पुन्हा तुम्ही? सांगितलं ना बाई, घडी मोडली की माल परत नाही."

"अहो, पण घडी न मोडता कान कसे दिसणार?"

"एका कानाने काय कमी ऐकू येतं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सशीण दचकून परत जायला वळली. पण घरी पिल्लू गारठलं होतं. तिने फांदीवरच्या घडी घातलेल्या नव्या टोपीकडे बोट केलं. "हिला कान किती, तेवढं सांगा. मी जाते."

"उलगडल्याशिवाय मी तरी कसं सांगू?" सुगरण खेकसली.

 मग रांगेतल्या मुंगसाने नुकत्याच घेतलेल्या बंडीची घडी तिथेच मोडली. मागोमाग साळिंदरानेही आपली मोडली.

सुगरणीने घाईघाईने रताळ्यांची टोपली पुढे सरकवली. "घ्या बाई, आणि जरा हळू बोला."

"हळूच बोलत होते हो," सशीण म्हणाली, "तिन्ही खेपांना."