लिंपलेली फट

माणसं जीपा भरभरून रान बघायला यायला लागली, त्या सुरुवातीच्या दिवसांतली ही गोष्ट.

घनदाट रानात धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत दोन पिल्लं घेऊन बसली होती. त्यांच्या जातीची रीतच तशी. ढोलीचं तोंड लिंपून घ्यायचं, चोचीपुरती फट ठेवायची, नि त्या फटीतून नर फळं भरवणार. पण सकाळपासून झाडाखाली दहा माणसं दुर्बिणी लावून उभी. नर पलीकडच्या झाडावर उंबरं घेऊन ताटकळला होता. पिल्लं भुकेनं रडायला लागली.

वरच्या फांदीवरचं शेकरू म्हणालं, "बाई, लांबून आलेत बिचारे. जरा चोच दाखव, जातील."

"काल दाखवली. गेले का? उलट आणखी जवळ आले."

"कौतुक करतायत तुझं."

"कौतुकानं पिल्लांची पोटं भरतात का रे? एवढा पुळका आहे, तर तूच नाच त्यांच्यापुढं."

एवढं बोलून तिनं विष्ठेचा नि बियांचा लगदा घेतला आणि उरलेली फटही आतून लिंपून टाकली. काळोखात पिल्लांना पंखाखाली घेऊन म्हणाली, "रडू नका. ते हलेपर्यंत आपण हलायचं नाही."

हे बघून शेकराला लाज वाटली. झुपकेदार शेपटी उडवत ते लांबच्या झाडावर गेलं नि उलटं लटकलं. माणसं दुर्बिणी सावरत तिकडं धावली.

नरानं येऊन चोचीनं फट फोडली. थोरल्याला उंबर भरवून मादी म्हणाली, "त्या शेकराला सांगा, अजून जरा लटक म्हणावं. धाकटं राहिलंय."