रिकाम्या गाडीचं पासिंग

"भरून बघितलीस का?"

सर्जेराव पोवारला वाटलं, म्हाताऱ्याला हल्ली ऐकू कमी येत असावं. त्यानं पासिंगचा कागद पुन्हा पुढं धरला.

"मेस्त्री, गाडी कालच पास झाली. ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, धूर... सगळं मशिनवर तपासलंय. आता वरीसभर बघायला नको."

"कागद वाचला मी. भरून बघितलीस का?"

"पासिंगला गाडी रिकामीच नेत्यात की!"

बाबालाल मेस्त्रींनी कागद परत त्याच्या हातात दिला.

गगनबावड्याच्या अलीकडं रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड. एके काळी तिथं गाड्यांची रांग लागायची. आता बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगा आखातात होता, मुलगी तिच्या संसारात. मेस्त्री एका माणसाचा चहा करत आणि तोही कधीकधी उरे.

सर्जेराव इथंच सहा वर्षं स्पॅनर धरायला शिकला. पुढं त्यानं शहरात पासिंगच्या मैदानासमोर गॅरेज टाकलं, तिथंच बायको-पोरांचा संसार थाटला. जुन्या व्हॅन घ्यायच्या, नटवायच्या, पास करून विकायच्या. त्याची एकही गाडी आजवर नापास झाली नव्हती आणि हे तो कुणी न विचारताच सांगे. गुरूच्या शेडवर यायला मात्र त्याला इतक्या वर्षांत सवड झाली नव्हती. आज आला तो कामापुरता.

वैभववाडीच्या सदू रावराणेला ही व्हॅन हवी होती. कोल्हापुरातून कांदे-बटाटे भरायचे आणि करूळ घाट उतरून गावोगाव विकायचे. बायको आणि दोन वर्षांची मुलगी पुढं शेजारी बसणार. सदूनं एकच अट घातली होती. बाबालाल मेस्त्री हो म्हणाले, तरच चावी घेतो.

"तुम्ही नुसतं हो म्हणा, मेस्त्री. तो फोनची वाट बघत बसलाय."

मेस्त्री उठले. गाडीकडं न जाता शेडमध्ये गेले आणि अंथरुणाची वळकटी घेऊन बाहेर आले. ती त्यांनी व्हॅनमध्ये ठेवली.

"हे काय?"

"भरतोय."

सर्जेराव हसला. म्हातारपणी माणूस असाच, म्हणाला मनाशी, आणि हात लावू लागला. लोखंडी खाट, ट्रंक, स्टोव्ह, चार भांडी, हत्यारांची पेटी, टेबलाला लावलेला, लोखंड पकडून धरायचा व्हाइस. अर्ध्या तासात शेड रिकामी झाली.

सर्जेरावनं मागच्या चाकांकडं पाहिलं. गाडी दोन बोटंही खाली बसली नव्हती. उभ्या जन्माचा संसार आत होता आणि गाडीला त्याचा पत्ताच नव्हता.

"एवढंच?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच."

मग शेडमागच्या कुंपणाच्या पडक्या गडग्याचे दगड. मेस्त्री वाकायला लागले तसं सर्जेरावनं त्यांना बाजूला बसवलं आणि एकट्यानं गाडी भरली. चाकांवरचे कमानदार पाटे भारानं पार सरळ झाले. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला.

"बस आता, चालू कर," मेस्त्री म्हणाले आणि चालत निघाले.

शेडपुढं पन्नासेक पावलांचा उतार होता. मेस्त्री तो उतरून पार खाली गेले. वळले. हात मागं बांधून वाटेच्या मधोमध उभे राहिले.

"ये! हितं, माझ्या पुढ्यात थांबव!"

सर्जेरावचा हात हँडब्रेकवर होता. इंजिन चालू होतं.

"बाजूला व्हा की, मेस्त्री!"

"का? पास हाय न्हवं?"

...

कागद समोर काचेपाशीच पडला होता. शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. सर्जेरावनं हँडब्रेक जरासा सैल केला आणि पुन्हा घट्ट ओढला.

खाली म्हातारा हलला नाही.

सर्जेरावनं इंजिन बंद केलं. उतरला, आणि आधी चाकाखाली एक दगड लावला. मग उतार उतरून मेस्त्रींपुढं येऊन उभा राहिला.

"मागची दांडी जाम हाय."

व्हॅनच्या मागच्या ॲक्सलपाशी एक दांडी असते. मालानं गाडी खाली बसली की ती हलते आणि मागच्या ब्रेकचा जोर वाढवते. जुन्या गाड्यांत ती गंजून बसते. रिकाम्या गाडीला तिचं काम पडत नाही, म्हणून रिकाम्या गाडीत ते कळतही नाही.

"कवापासनं ठाऊक हाय तुला?"

"घेतली त्या दिवसापासनं."

"मग?"

"कुणी इचारलं न्हाई, मेस्त्री..."

पूर्वीचे मेस्त्री असते तर हातातला पाना भिरकावला असता. सर्जेराव खाली मान घालून पान्याची वाट बघत राहिला. तो आला असता तर बरं वाटलं असतं. मेस्त्री फक्त त्याच्याकडं बघत होते, आणि ते त्याला सोसवेना.

त्यानं फोन लावला.

"सदूभाऊ, गाडी आठ दिवस मिळायची न्हाई."

"मेस्त्री नको म्हणाले का?"

"मेस्त्री काय बोलले न्हाईत. मीच म्हणतोय. भरल्यावर मागचा ब्रेक धरत न्हाई तिचा... होय, आधीच सांगायला पायजे होतं. चुकलं माझं."

दगड उतरवले. मग खाट, ट्रंक, व्हाइस. जी वस्तू जिथली तिथं लागली. स्टोव्ह पेटवून मेस्त्रींनी चहा टाकला. दुसरा कप फळीवर मागं कुठंतरी होता. तो त्यांनी दोनदा विसळला, तरी कडेला धूळ राहिलीच.

सर्जेराव त्याच कपातून चहा प्याला. निघताना पाया पडला. काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला गाडीचंच बोलता येत होतं.

"दांडी नवी घालतो, मेस्त्री. मग परत दाखवायला आणतो."

"आण की. पर भरून आण."

"आणतो. हितलेच दगड घालू पुन्हा."

मेस्त्री उंबऱ्याशी उभे होते. त्यांच्यामागं शेडमध्ये अंधार होता.

"दगड कशाला रं? तुझी बायकू, पोरं, समदी घाल... मला काय नुसती गाडीच बघायची असती व्हय?"