आंब्याच्या पट्टीचा वाक

लाकडे आपसांत बोलतात, अशा कथा पुष्कळ आहेत. कुठे ती नांगरासाठी भांडतात, कुठे पाळण्यासाठी. किनाऱ्याकडच्या या रूपात मात्र गिटारीची मान आहे, आणि भांडणाऐवजी भय.

एके काळी इनास सुताराला लेकीसाठी गिटार करायची होती. मानेसाठी अखंड लाकूड घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून एकमेकींना चिकटवायला त्याने तीन पट्ट्या जमवल्या: मोडक्या दाराची सागाची, आणि फळांच्या खोक्यांतून निघालेल्या आंब्याची व फणसाची. मग आपल्या रीतीप्रमाणे त्याने त्या अंगणात उन्हाला सोडून दिल्या. जिला जसे वळायचे तसे वळू दे म्हणून.

आंब्याची पट्टी डावीकडे वाकू लागली, तशी तिला धडकी भरली. इनासने आधी केलेल्या गिटारीची मान तारांच्या ओढीने वाकली आणि थेट चुलीत गेली, हे तिने खोक्यात असतानाच पाहिले होते.

"वाक दिसला की जळालीस," साग म्हणाला. "माझ्यासारखी अंगणातल्या या जड पाट्याखाली शीर, म्हणजे सरळ दिसशील, पोरी."

पण भीतीने तिला हलताच येईना.

इनासने तिला उचलून डोळ्याजवळ धरले. बायको रेजिन म्हणाली, "असली वाकडी कशाला ठेवता? भात तरी शिजेल."

"हिचा वाक डावा, फणसाचाही डावा. एक उलटी फिरवून चिकटवली की दोघी एकमेकींना धरून राहतील." मग त्याने पाट्याखालचा साग ओढून काढला. "यानं मात्र अंग चोरलंय, आपला वाक दाखवलाच नाही. तारा चढल्यावर कुठे उसळेल, कुणास ठाऊक."

संध्याकाळी सरस वितळवायला रेजिनने चूल पेटवली, आणि सागाची पट्टी तिच्यात सरकवली.