गारगोटीची वायर

आमच्या दूध संघाच्या सगळ्या नेटवर्कचा गुरू मीच. पटत नसेल तर आस्मा मुजावरला विचारा. नको, राहू द्या. ती इंजिनीयर, मी आठवीतून पळालेला वायरमन, आणि पोरगी खरं सांगून मोकळी होईल.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी सकाळीच ती टेबलाशी येऊन उभी राहिली. गाल फुगलेले.

"मामा, मी मोठ्या साहेबांकडे जाऊन आले. म्हटलं, यांना अजून वर्षभर ठेवा."

"का गं? इथं डुलक्या कोण काढणार म्हणून?"

"थट्टा नको. तुम्ही गेल्यावर काही बंद पडलं तर मी एकटी काय करू?"

"राउटर म्हणजे काय?"

"आज परीक्षा घेताय?"

"सांग तर."

"चौकातला पोलीस. आलेल्या माहितीला पुढची वाट दाखवतो."

"ती त्याला कोण सांगतं? पूर्वी मी सांगायचो. प्रत्येक पेटीत एकेक वाट हाताने भरायचो. आता?"

"आता ते आपसात बोलतात. शेजाऱ्याला हाक मारत राहायची. त्याची ओ आली नाही, की ती वाट पुसायची, दुसरी धरायची."

"मामाला विचारून?"

"नाही..."

हुशार पोर. मी कुठं निघालोय ते तिला दिसलं.

मी उठलो. गारगोटीच्या केंद्राकडे जाणारी वायर चिमटीत धरली. माझ्याच हातची, पहिली.

"मामा, नको. संकलन चालू आहे."

उपटली.

पडद्यावर गारगोटी ओळीमागून ओळ ओ देत होती. ती थांबली.

एक ओळ रिकामी... मग आणखी एक...

आस्माने माझी बाही घट्ट धरली. खरं सांगायचं तर धास्ती मलाही होती, पण चेहरा मी असा ठेवला, जणू चहाची वाट बघतोय.

...

ओळी पुन्हा पळू लागल्या.

"बघितलंस?" मी म्हटलं. "वायर गेली, कुणाला कळलंसुद्धा नाही. तसंच मी जायचं. साहेबांना सांग, नको म्हणतोय म्हातारा."

ती पडद्याकडेच बघत राहिली. बाही सोडली नाही.

"कळलं की, मामा," ती हळूच म्हणाली. "गारगोटी आता राधानगरीच्या केंद्रावरून वळसा घालून येतेय."