तांबट आळीची बकुळा

"आठ दिवसांत तांबट आळी नदीपलीकडे हलवा," राजा गुणसेनाने हुकूम सोडला. हातोड्यांच्या ठणठणाटात म्हणे त्याच्या रियाजाचे सूर हरवत होते. खरं तर सुरांची आणि महाराजांची कधी गाठच पडली नव्हती, पण हे सांगणार कोण?

नदीपलीकडे ना बाजार, ना गिऱ्हाईक. आळीच्या चुली विझायची वेळ आली. तांबट गयावया करत दरबारात आले. त्यांच्याबरोबर एका तांबटाची नऊ वर्षांची मुलगी होती, बकुळा.

"तुमच्या त्या गोंगाटात माणसाला माणसाचं बोलणं तरी ऐकू येतं का?" राजा गरजला.

"न ऐकताच कळतं, महाराज," बकुळा म्हणाली.

"मोठी आलीस शहाणी! आता हा सगळा दरबार एकदम बोलेल. त्यात प्रधानजी मनात येईल ते एक वाक्य हळूच बोलतील. आहेस तिथूनच ते ओळखलंस, तर आळी राहील. नाहीतर आजच गाढवांवर भांडी लादा."

बापाने कपाळाला हात लावला. बकुळा म्हणाली, "कबूल. फक्त प्रधानजींनी तोंडातला विडा थुंकावा."

प्रधान विसाजीपंतांनी नाक मुरडत पिकदाणी जवळ ओढली.

तांबट आळीतलं पोर धड चालायच्या आधी लोकांची तोंडं बघायला शिकतं. आई जेवायला बोलावते ते ओठांवरून कळलं नाही, तर उपाशी राहावं लागतं. विसाजीपंतांना हे कुठलं ठाऊक असायला!

राजाने हात वर केला आणि दरबाराचा मासळीबाजार झाला. कोणी स्तोत्र म्हणू लागलं, कोणी पाढे. एका सरदाराने तर बायकोचं गाऱ्हाणंच सुरू केलं. त्या गलक्यात प्रधानजींचे ओठ हलले. बकुळा टक लावून बघत होती.

"बोल, काय म्हणाले?" राजाने विचारलं.

"म्हणाले, 'देवा, ही आळी हलू देऊ नकोस. ठणठणाट थांबला, तर महाराजांचं गाणं नीट ऐकू येईल.'"



"साफ खोटं!" प्रधानजी ओरडले. "मी तर महाराजांना उदंड आयुष्य मागत होतो."

राजाच्या भुवया चढल्या. बकुळा मात्र शांतपणे म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल. महाराज, आपण आत्ताच एक चीज गा. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसते आणि कोण काय पुटपुटलं ते शेवटी सांगते."

राजाने खाकरून गळा साफ केला. त्याबरोबर अख्ख्या दरबाराने तोंडाला उपरणी लावली. सगळ्यांच्या आधी प्रधानजींनी! राणीसाहेबांनी पदर लावला.

राजाने एकेक झाकलेलं तोंड पाहिलं आणि तो इतका हसला, इतका हसला, की त्याला मुकुट सावरून धरावा लागला.

"पोरी, जिंकलीस! आळी आहे तिथेच राहील."

त्याने आपल्या गळ्यातला कंठा काढून बकुळाच्या गळ्यात घातला आणि राजवाड्याच्या सगळ्या हंड्या-घागरींचं काम आळीला दिलं. पहिला हातोडा पडल्याशिवाय रियाज सुरू करायचा नाही, असा आणखी एक हुकूम त्याच दिवशी निघाला. तो राणीसाहेबांचा होता.